बेरजेत न दिसणारा चौथ्या टेबलावरचा फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातला ‘फुल डुप्लेक्स’ तंत्रावरचा, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलण्या-ऐकण्याच्या तंत्रावरचा, लेख मी दोनदा वाचला. बिनतारी संदेशवहनासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाला वर्तमानपत्राने अर्धे पान द्यावे याचा पहिल्या वाचनात फार आनंद झाला. दुसऱ्या वाचनात मात्र शेवटच्या परिच्छेदाशी अडकले. या तंत्रामुळे प्रत्येक ग्राहकाला दुप्पट वेग मिळेल, असे तिथे म्हटले आहे. मी बिनतारी उपकरणांची चाचणी घेणारी अभियंता आहे आणि गेली नऊ वर्षे याच तंत्राच्या चाचण्या करते आहे. त्या वाक्यात ‘प्रत्येक’ हा शब्द यायला नको होता, हे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे.

लेखाचा पहिला भाग बिनचूक आहे. आपला वाय-फाय राउटर एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी बोलतो तरी, नाही तर ऐकतो तरी. मोबाइल जाळ्यांत बोलणे आणि ऐकणे यांना एक तर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देतात, नाही तर एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने वेळ देतात. कारण साधे आहे: बोलताना स्वतःचाच आवाज कानठळ्या बसवतो. राउटर 100 मिलिवॉट, म्हणजे 20 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) इतक्या शक्तीने बोलतो. 80 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्या रिसीव्हरमधला नॉइज, म्हणजे यंत्राची अंगभूत खरखर, उणे 90 डीबीएमच्या आसपास असतो. दोहोंत 110 डेसिबलचे अंतर, आणि दर 10 डेसिबलला दहापट. म्हणजे एकावर अकरा शून्ये इतक्या पटीने स्वतःचा आवाज दाबला, तरच दुरून येणारे क्षीण बोलणे जवळपास आधीइतके स्वच्छ ऐकू येईल.

आपण काय बोलतो आहोत हे आपल्याला ठाऊकच असते, मग ते ऐकलेल्यातून वजा का करू नये, हा प्रश्न मला प्रत्येक नवा प्रशिक्षणार्थी विचारतो, आणि प्रश्न चांगला आहे. अडचण अशी की सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपची ऐपत प्रत्येक बिटमागे सुमारे 6 डेसिबलनेच वाढते. 12 बिटांची आदर्श चिप 74 डेसिबलपर्यंतचा लहानमोठेपणा सांभाळते, त्यापुढे हात टेकते. म्हणून वजाबाकीचा मोठा भाग आकडे होण्यापूर्वी, अँटेनाजवळच्या सर्किटात करावा लागतो आणि उरलेला नंतर गणिताने. 2010 मध्ये स्टॅनफर्ड आणि राइस विद्यापीठांतल्या गटांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने एकाच अँटेनावर 110 डेसिबलची वजाबाकी साधली आणि वेग 1.87 पट झाल्याचे दाखवले. तो आकडा पहिल्यांदा वाचला ती रात्र मला अजून आठवते. आमच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी ‘हे होत नाही’ म्हणून शिकवले जायचे, आणि ते झाले होते.

पण तो 1.87 हा आकडा दोन रेडिओंचा आहे. दोघेच एकमेकांशी बोलत होते आणि दोघांकडेही ही वजाबाकी करणारे यंत्र होते. आपल्या लेखातले ‘दुप्पट’ तिथूनच आले आहे. मात्र जाळ्यात दोघेच नसतात. तिथे एक राउटर किंवा एक टॉवर आणि त्याच्याशी बोलणारे तीस-चाळीस जण असतात. वजाबाकीचे यंत्र महाग आहे, जागा खाते, बॅटरी खाते. त्यामुळे ते राउटरमध्ये आणि टॉवरमध्येच बसते. फोन पूर्वीसारखाच, एका वेळी एकच काम करणारा. म्हणजे राउटर एका फोनचे ऐकत असतो आणि त्याच क्षणी, त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याच एका फोनला सांगत असतो. पहिला फोन राउटरला उद्देशून जे पाठवतो, ते दुसऱ्या फोनच्याही कानावर पडते. दुसऱ्या फोनकडे ते वजा करण्याचा मार्ग नाही, कारण पहिला काय पाठवतो आहे हे त्याला माहीतच नसते. एका म्यानात दोन तलवारी राउटरने कशाबशा मावून घेतल्या. आता वार तिसऱ्यावर होतो.

(याला पाठ्यपुस्तकात व्यतिकरण म्हणतात, लॅबमध्ये सगळे इंटरफिअरन्स म्हणतात. मी इथे व्यत्यय म्हणते. ज्याच्यावर येतो त्याला तो तसाच वाटतो.)

हे मी कागदावरून नाही, चुकीतून शिकले. पाच वर्षांपूर्वी आमच्या चाचणी दालनात छताला एक नमुना राउटर टांगला होता आणि खाली सहा टेबले, प्रत्येकावर एक फोन. त्या राउटरमध्ये स्वतःच्या आवाजाची वजाबाकी उत्तम होत होती. दिवसभर चाचणी चालली. संध्याकाळी सहाही फोनांच्या वेगाची बेरीज केली, तर ती जुन्या पद्धतीच्या बेरजेपेक्षा चांगलीच वर. आम्ही सगळे खूश होतो. मी अहवालावर बेरीज लिहिली, आलेख जोडला, सही केली. अहवालाच्या मागे जोडलेल्या तक्त्यात चौथ्या टेबलासमोर शून्य होते. तो फोन बिघडला असेल असे आम्ही गृहीत धरले. फोन चांगला होता. दोन महिन्यांनी ती यंत्रणा जिथे बसवली होती तिथून तक्रारी आल्या: ठरावीक खुर्च्यांवर बसलेल्यांचे व्हिडिओ कॉल तुटतात, बाकीच्यांचे उत्तम चालतात. मी नकाशा मागवला आणि खुर्च्यांची अंतरे पाहिली. प्रत्येक तुटणाऱ्या खुर्चीच्या शेजारी सतत काहीतरी अपलोड करणारा कोणी ना कोणी होता. आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या टेबलाचे नाते हेच होते.

हिशेब तोंडी करता येतो. तिसऱ्या टेबलावरचा फोन अपलोड करत होता आणि चौथ्यावरचा डाउनलोड. दोघांत एक मीटर. राउटर दोघांपासून सुमारे दहा मीटर. सगळे सारख्याच शक्तीने बोलतात असे धरा. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की पोचणारी शक्ती शंभर पटीने घटते. म्हणजे चौथ्या फोनला राउटरपेक्षा शेजारी शंभर पट मोठ्याने ऐकू येत होता. सिग्नल आणि व्यत्यय यांच्या प्रमाणावरून कमाल वेग सांगणाऱ्या, 1948 मध्ये क्लॉड शॅननने दिलेल्या सूत्रात हा आकडा घातला, तर दर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम 0.014 बिट निघतो. व्यवहारात ते शून्यच. त्याच वेळी तिसऱ्या फोनला मात्र पूर्ण वेळ मिळत होता. जुन्या पद्धतीत तो निम्माच मिळाला असता. एकाचा अर्धा वाटा दुसऱ्याच्या पदरात पडला आणि बेरीज जशीच्या तशी राहिली. दालनातल्या इतर जोड्या खरोखर सुधारल्या होत्या, म्हणून एकूण आकडा वर गेला. त्या आकड्याकडे पाहून चौथ्या टेबलावर काय चालले आहे ते कळणे शक्यच नव्हते.

मग फोन दूर ठेवले की झाले, असे वाटेल. मलाही वाटले होते. समजा राउटर बरोबर मधे आहे, एक फोन त्याच्या एका बाजूला दहा मीटरवर, दुसरा विरुद्ध बाजूला दहा मीटरवर. याहून चांगली मांडणी कोणती? तरीही दोन फोनांतले अंतर वीस मीटर, म्हणजे राउटरपर्यंतच्या अंतराच्या दुप्पटच. ऐकणाऱ्या फोनला राउटरचा आवाज शेजाऱ्याच्या फक्त चौपट मिळतो. स्वच्छ वातावरणात व्यवहारात दर हर्ट्झमागे 8 बिटांपर्यंत जाता येते असे धरू. जुन्या पाळीच्या पद्धतीत दोघांना चार-चार मिळाले असते. नव्या पद्धतीत बोलणाऱ्याला 8 आणि ऐकणाऱ्याला सुमारे 2.3. बेरीज 10.3, म्हणजे पूर्वीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. पण ऐकणारा चारावरून 2.3 वर घसरला. भिंती मधे आल्या तर चित्र सुधारते, पण त्या योग्य जागी हव्यात, आणि भिंती कुठे बांधायच्या हे बिनतारी अभियंत्याला कोणी विचारत नाही.

आता या कामात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट. बोलणाऱ्या फोनला आवाज खाली आणायला सांगता येतो. वरच्याच मांडणीत त्याची शक्ती शंभर पटीने कमी करा. ऐकणाऱ्यावरचा व्यत्यय तेवढाच कमी होतो आणि त्याला जवळजवळ पूर्ण 8 मिळतात. बोलणारा राउटरपर्यंत अजूनही नॉइजच्या पुष्कळ वर पोचतो. त्यालाही साडेसातच्या वर मिळतात. बेरीज 15.6. दुप्पट म्हणतात ती ही! नुसत्या आवाजाच्या बटणाने एवढा फरक पडतो हे पहिल्यांदा वहीत मांडले तेव्हा मी आकडेमोड तीनदा तपासली.

पण या हिशेबात राउटरने स्वतःचा आवाज पूर्णपणे पुसला आहे असे धरले आहे. कोणी अँटेनाजवळून चालत गेले, एक दार उघडले, की परतून येणाऱ्या लहरी बदलतात आणि वजाबाकी थोडी चुकते. ती 100 डेसिबलवर आली असे समजा. उरलेला स्वतःचा आवाज आता नॉइजच्या दहापट आहे. पूर्ण शक्तीने बोलणाऱ्या फोनला त्याने फारसा फरक पडला नसता. पण शेजाऱ्यासाठी ज्याने आवाज खाली आणला, तोच आता बुडतो: साडेसातवरून साडेचारांखाली. दोन व्यत्यय एकाच बटणाला बांधलेले आहेत. बटण खाली केले तर शेजारी वाचतो आणि बोलणारा राउटरच्या उरलेल्या आवाजात सापडतो. वर केले तर उलट. ते नेमके कुठे ठेवायचे, हे प्रत्येक जोडीसाठी वेगळे ठरवावे लागते आणि पुन्हापुन्हा ठरवावे लागते.

ठरवतो कोण? राउटरमधला शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम. कोणी कोणत्या क्षणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे याची पाळी तो लावतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते या तंत्राचे यश त्याच्यावरच अवलंबून आहे. पूर्वी त्याला एकच प्रश्न असायचा: आता पाळी कोणाची? आता प्रश्न होतो: आता कोणाची, आणि कोणाबरोबर? एका बाजूला बोलू इच्छिणारे, दुसऱ्या बाजूला ऐकू इच्छिणारे. प्रत्येक संभाव्य जोडीला एक किंमत. एकूण किंमत जास्तीत जास्त होईल अशा जोड्या लावा. गणित म्हणून हा प्रश्न सुटलेला आहे. 1955 मध्ये हॅरल्ड कून यांनी मांडलेली ‘हंगेरियन पद्धत’ तो चोख सोडवते. किंमत ठरवताना नुसता वेग न धरता कोणाची रांग किती तुंबली आहे तेही धरायचे, हे 1992 मध्ये टासिउलास आणि एफ्रेमिडिस या संशोधकांनी दाखवून दिले. लांब रांगेला जास्त वजन देत गेले, तर जाळ्याला पेलण्याजोगी कोणतीही मागणी तुंबून राहत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. चौथ्या टेबलाचे दुखणे याने बरे होते. उपाशी राहिलेल्याची रांग वाढते, रांगेबरोबर वजन वाढते, आणि शेवटी शेड्युलरला त्याच्याकडे वळावेच लागते.

पण किंमत काढायची तर आधी कळायला हवे की कोणाचे कोणाला किती ऐकू जाते. तीस फोन असतील तर 435 जोड्या. एक बोलत असताना बाकीचे 29 एकदमच मोजू शकतात, त्यामुळे 435 वेळा मोजावे लागत नाही, तीस वेळा पुरते. पण प्रत्येकाने आपले 29 आकडे राउटरला कळवायचे तर तेही याच हवेतून, आणि तेवढा वेळ कामाच्या संभाषणातून वजा. वर, 5 गिगाहर्ट्झला लहरींची लांबी सहा सेंटिमीटर. फोन टेबलावरून उचलून कानाला लावला की मोजलेले सगळे शिळे. म्हणून आम्ही सूक्ष्म चढउतारांचा नाद सोडून सरासरी पातळीवरच निर्णय घेतो आणि जवळजवळ बसलेल्यांचे गट करतो.

गटाची ही कल्पना तारेच्या जगात छान वापरली गेली. केबल इंटरनेटसाठी 2017 मध्ये आलेल्या फुल डुप्लेक्स डॉक्सिस मानकात एकमेकांचा आवाज ज्यांना ऐकू जातो अशा मोडेमांचे व्यत्यय-गट केले जातात. एका फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात एका गटातले सगळे एका वेळी एकाच दिशेने काम करतात. दुसरा गट त्याच वेळी त्याच पट्ट्यात उलट दिशेने करू शकतो. तिथे मोडेम जागचे हलत नाहीत, त्यामुळे एकदा लावलेले गट टिकतात. आमच्याकडे माणसे उठतात आणि चालू लागतात.

मोबाइलच्या मानकांनी सावध वाट धरली आहे आणि मला ती पटते. थ्रीजीपीपी या मानक-संघटनेच्या रिलीज 16 या आवृत्तीत एका फोनचा व्यत्यय दुसऱ्या फोनने मोजून टॉवरला कळवण्याची सोय झाली. रिलीज 18 मध्ये त्यांनी पुढची पायरी अभ्यासली आणि रिलीज 19 मध्ये मानकात घेतली: टॉवर एकाच वेळी बोलेल आणि ऐकेल, पण पट्ट्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांत, फोन मात्र एका वेळी एकच काम करेल. हे अर्धेच पाऊल आहे असे म्हणून काही सहकारी नाराज होतात. पण एका उंच टॉवरचे बोलणे दुसऱ्या उंच टॉवरच्या कानात थेट जाते, मधे आडोसा नसतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीने चालणारे शेजारचे टॉवर आज घड्याळे जुळवून एकदम बोलतात आणि एकदम ऐकतात ते याचसाठी. ती शिस्त एका रात्रीत सोडण्यासारखी नाही.

आणखी एक हिशेब ‘दुप्पट’ला आवरतो. बहुतेक लोक पाठवतात त्याहून पुष्कळ जास्त मागवतात. समजा आठ भाग डाउनलोड आणि एक भाग अपलोड. पाळीच्या पद्धतीत नऊ घटका लागतात. फुल डुप्लेक्समध्ये अपलोडची एक घटका डाउनलोडच्या पोटात जाते आणि काम आठ घटकांत होते. सगळे काही आदर्श असूनही फायदा साडेबारा टक्के. जिथे दोन्ही बाजूंची मागणी सारखी असते, व्हिडिओ बैठकांसारख्या ठिकाणी, तिथे हे तंत्र खरे खुलते.

मी तंत्राच्या विरोधात लिहीत नाही. नऊ वर्षे त्यात घालवली ती विश्वास आहे म्हणूनच. लेखात न आलेले गुणही त्यात आहेत. बोलता बोलता ऐकता येत असल्यामुळे दोघांची टक्कर होत असेल तर ती संदेश संपण्याची वाट न पाहता लगेच कळू शकते. तारेच्या इथरनेटला हे जमायचे, बिनतारी यंत्रांना जमत नव्हते. राउटर एकाचे ऐकत असतानाच काहीतरी प्रक्षेपित करत राहिला, तर भिंतीपलीकडच्या, त्या पहिल्याचा आवाज न पोचणाऱ्या फोनलाही समजते की आता थांबायचे आहे. हे फायदे बेरजेच्या आकड्यात क्वचितच झळकतात, पण वापरणाऱ्याला जाणवतात.

आणि कधीकधी शेड्युलरने जोडी न लावणे हाच योग्य निर्णय असतो. तिसऱ्या आणि चौथ्या टेबलाला एकत्र आणू नका, त्यांना जुन्या पद्धतीने पाळीपाळीने वेळ द्या. तक्रारी आल्यानंतर आम्ही प्रोग्रॅममध्ये केलेला पहिला बदल हाच होता: दोघांपैकी कोणालाही पाळीच्या पद्धतीपेक्षा कमी मिळणार असेल तर ती जोडी रद्द. एकूण बेरीज थोडी उतरली. वरिष्ठांच्या बैठकीत मला विचारले गेले की आकडा खाली का आला. मी चौथ्या टेबलाचा जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी लिहून दाखवला. तो बदल कायम राहिला.

तेव्हापासून आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर बेरजेच्या आधी एक रकाना असतो: सर्वांत कमी कोणाला मिळाले, किती मिळाले आणि तो कुठे बसला होता. आपल्या लेखात ज्या नव्या उपकरणाच्या चाचणीचा आलेख छापला आहे, त्यात किती फोन होते, ते एकमेकांपासून किती अंतरावर होते आणि त्यांतल्या सर्वांत मागे राहिलेल्याला काय मिळाले, हे उत्पादकांकडून विचारून घ्यावे अशी माझी विनंती आहे. उत्तर आले, तर ते त्याच पानावर छापावे. ते वाचायला मी उत्सुक आहे.

आपली,
बिनतारी उपकरणांची एक चाचणी अभियंता